मनीषासाठी आलेलं यॉर्कशायरचं स्थळ

गोडादरा, सुरत
९ मार्च १९९७

सौ. ताराताई यांस,

आपली भावजय मंदा हिचा वाकून नमस्कार. आपली व यशवंतरावांची प्रकृती उत्तम असावी, थंडीत आपले गुडघे फार कुरकुरत नसावेत, आणि स्वतः डॉक्टर असल्याचं स्मरून यशवंतरावांनी लोणच्याची बरणी जरा लांब ठेवली असावी, अशी आशा करते. आम्ही सर्व इकडे कुशल आहोत.

(झाला नणंदेचा मान देऊन. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसून माझ्या डब्यातल्या कळण्याच्या पुऱ्या तू खायचीस, आणि पुढे आपल्याच चुलतभावाशी माझं लग्न जुळवून वर नणंद होऊन बसलीस. त्यामुळे तुला पत्र लिहायचं म्हणजे माझ्यावर दोन मायने येतात. यापुढचं पत्र बाकावरच्या तारेला आहे.)

तारे,

पोंक, म्हणजे इथला ज्वारीचा हुरडा, यंदा भरपूर आला आणि संपलाही. तुझ्या वाटचा मी लिंबू पिळून, शेव घालून खाल्ला, तेव्हा ते कर्तव्य पार पडलं. गाव अजून स्वच्छ आहे. त्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर जी झाडलोट सुरू झाली ती थांबलेली नाही, आणि लोक आता रस्त्यात कागद टाकण्याआधी आजूबाजूला बघून घेतात. पूर्वी बघत नसत, एवढी सुधारणा आहे. आमच्या गल्लीतले माग दिवसभर खडखडत असतात आणि आठवड्याची वीज बंद असली की त्या शांततेने मला डुलकी लागत नाही. तुझ्या भावाने बारडोलीच्या साखर कारखान्यातून निवृत्त होऊन इथे गोडादऱ्यात घर बांधलं तेव्हा तू म्हणाली होतीस की या खडखडाटात मंदा महिनाभर टिकणार नाही. भाऊ गेला, मी टिकले.

पण आज लिहायचं आहे ते मनीषाबद्दल. मनीषा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या निंबाभाऊंची मुलगी. निंबाभाऊ मूळचे अमळनेरकडचे, इथे मागावर कामगार म्हणून आले, आता लिंबायतच्या एका कारखान्यात मुकादम आहेत. त्यांची बायको पुष्पाबाई. मनीषा इतकीशी होती तेव्हापासून जिना चढून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते, आणि अभ्यास झाल्यावर जायचं विसरते. (तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा तुझ्या पर्समधली सगळी बटणं मोजून बघणारी ती हीच.) ती आता कापड-शास्त्रातली इंजिनियर झाली आहे. कॉलेजात पहिली आली, आणि पहिलं येण्याचा जो परिणाम हल्ली सगळ्या पहिल्या मुलांवर होतो तो तिच्यावरही झाला. तिला परदेशी शिकायला जायचं आहे. फीमाफी मिळाली तरच, हे तिचं तिनेच आधी सांगितलं, त्यामुळे वादाला जागा उरली नाही.

तिने पत्रं टाकली आणि ठिकठिकाणच्या युनिव्हर्सिट्यांनी माहितीपत्रकं पाठवली. आणि तारे, त्या घरात मुलीच्या नावाने फोटो लावलेली जाड पाकिटं आली की त्याचा एकच अर्थ होतो. निंबाभाऊंनी लोटूआप्पांना बोलावणं पाठवलं. लोटूआप्पा म्हणजे आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं जमवणारे गृहस्थ. उरलेली निम्मी त्यांच्या सल्ल्याविरुद्ध झाली आणि ती कशी चालली आहेत हे ते न विचारता सांगतात. सतरंजी अंथरली, पाकिटं मांडली, मला वाचून दाखवायला खाली बोलावलं. मी कुलगुरूंचा संदेश वाचते आहे आणि लोटूआप्पा विचारताहेत, घराणं किती जुनं? एक युनिव्हर्सिटी पाच वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटी झाली होती, आधी साधं कॉलेज होतं. ती तिथल्या तिथे बाद, कारण कालपरवा नाव बदललेल्यांचं काही सांगता येत नाही. एकीच्या मुखपृष्ठावर तळं होतं आणि तळ्यात बदकं. पुष्पाबाई म्हणाल्या, इथे मुलं शिकतात कधी? तीही गेली. एका ठिकाणची मुलंमुली गवतावर पाय पसरून हसत बसली होती. निंबाभाऊंनी तो फोटो नुसता उलटा करून ठेवला.

शेवटी पसंत पडलं ते तुमच्याकडचं, यॉर्कशायरातलं. तुझ्या लीड्सपासून बसने तासाभरावर जे लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव आहे ना, तिथलं. (नाव लिहीत नाही, कारण पुष्पाबाईंचं म्हणणं, पक्कं होईपर्यंत नाव घेऊ नये. नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर घडी घालून आत ठेवला आहे, चिठ्ठीला हा नियम लागू नाही.) त्यांच्या पत्रकात बदक एकही नव्हतं, मागाचा फोटो होता. निंबाभाऊंनी पत्रक हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे धाग्यातलं घर आहे, आपल्यातलंच. एवढ्यावर निर्णय झाला. मनीषानेही नेमकं तेच ठिकाण मनात धरलं होतं, पण वेगळ्या कारणांसाठी, आणि शहाणी मुलगी असल्यामुळे ती कारणं तिने सांगितली नाहीत.

मग आपण का शिकायला येऊ इच्छितो याचा निबंध लिहायचा होता. तो मी लिहून घेतला. सिस्टर ऑगस्टिन आठवते ना, पत्राची सुरुवात ‘मी’ने करणाऱ्या मुलीला व्हरांड्यात उभी करायची? स्वतःची स्तुती हे वाढलेल्या नखांसारखं असतं, दिसलं की कापायचं, असं ती सांगायची. ते माझ्या हाडात मुरलेलं आहे. माझ्या हाताखाली मनीषाच्या निबंधात पहिला अर्धा भाग युनिव्हर्सिटीच्या थोरवीचा झाला, नंतर तिच्या आईवडिलांचा, नंतर सुरतच्या जरीचा, आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून, अर्जदार मुलगी सर्वसाधारण बुद्धीची पण कष्टाळू आहे असं एक वाक्य आलं. मनीषाने ते वाचलं, मला चहा करून दिला, आणि रात्रीतून दुसरा निबंध लिहून तोच पाठवला हे मला पुढे फार उशिरा कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण दुसरा निबंध चांगला होता.)

आता खरी अडचण ऐक. बाकी सगळी मुलं पाच-सहा ठिकाणी एकदम अर्ज करतात. मनीषाने तशी पाकिटं तयारही केली होती. निंबाभाऊंनी ती पाहिली आणि कपाटावर ठेवून दिली. मी समजवायला गेले, तर मला खुर्ची देऊन स्वतः उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले,

“मास्तरीणबाई, एका घरी बोलणं चालू असताना दुसऱ्या घरी पत्रिका पाठवायची? पाचही घरांनी हो म्हटलं तर चौघांना तोंड कोणतं दाखवू? मनी पोर शे ती, माझी पोर आहे. तिचं नाव पाच गावांत फिरवायचं नाही मला.”

मी म्हटलं, अहो, त्या युनिव्हर्सिट्या आहेत, त्यांच्याकडे हजारो अर्ज येतात. ते म्हणाले, त्यांच्याकडे किती येतात हा त्यांचा प्रश्न, आपल्याकडून एकच गेलं पाहिजे. आपल्या घरी तरी वेगळं काय होतं? माझी पत्रिका तुझ्या भावाकडे होती तेव्हा जळगावचं केवढं चांगलं स्थळ आईने परत पाठवलं. (ते हल्ली अमेरिकेत असतात असं ऐकते. असोत.)

तर एकाच ठिकाणी अर्ज गेला, आणि ते ठिकाण गप्प बसलं. दिवाळीनंतर गेलेल्या अर्जाला संक्रांतीपर्यंत उत्तर नाही. इतर ठिकाणच्या मुदती एकेक करून निघून जात होत्या. मनीषा कपाटावरच्या पाकिटांकडे बघायची आणि जेवायची नाही. पुष्पाबाई मुलीच्या ताटाकडे बघायच्या आणि त्याही जेवायच्या नाहीत. निंबाभाऊ मात्र एकच सांगत, मुलीकडच्यांनी उतावीळ दिसू नये. त्यांनी नकार कळवला की आपण मोकळे. आणि इथे, तारे, मला एक युक्ती सुचली. कॉन्व्हेंटचं शिक्षण कधी वाया जात नाही.

मी त्या युनिव्हर्सिटीला अत्यंत सभ्य इंग्रजीत एक पत्र लिहिलं. आपल्या कामाच्या व्यापाची आम्हाला कल्पना आहे. तरी आपण कृपा करून, आपल्या सोयीने पण शक्य तितक्या लवकर, आम्हाला नकार कळवावा, म्हणजे आपल्याविषयीचा आदर यत्किंचितही कमी न होता आम्ही इतरत्र विचार करायला मोकळे होऊ. निंबाभाऊंना अर्थ सांगितला तर ते खूश झाले. रीतीला धरून आहे म्हणाले. लोटूआप्पांनी तर विचारलं की असं पत्र मराठीत करून मिळेल का, त्यांना दोन-तीन ठिकाणी पाठवायचं आहे. वडील म्हणून निंबाभाऊंनी सही केली, मी मनीषाचा अर्ज क्रमांक घातला, आणि पत्र विमानाने गेलं. मनीषाला सांगितलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फॅक्स आला, की आपल्या कुटुंबाच्या विनंतीनुसार आपला अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आहे आणि आपल्याला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. मनीषा तो कागद घेऊन वर आली. ती रागावली की गुजरातीत बोलते, कारण घरी त्या भाषेत कुणी रागावत नाही. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “मावशी, तमे शुं कर्युं?” आणि काय केलं ते मी सांगण्याआधी खाली गेली.

मग ती वर आलीच नाही. तुला माहीत आहे, मी एकटी राहायला घाबरत नाही. पण संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजायच्या त्या बंद झाल्या, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी चहाला आधण दोन कपांचं ठेवते आहे. निंबाभाऊ कारखान्यातून आले की दारातल्या पायरीवर बसून राहायचे. रीत सोडली असती तर बरं झालं असतं का, असं त्यांनी मला विचारलं नाही, आणि रीत तुमची पण पत्र माझं, असं मी त्यांना म्हटलं नाही. तीन आठवड्यांनी फीमाफीची यादी ठरणार होती. ती गेली की मुलीचं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी लोटूआप्पा खऱ्या मुलांचे फोटो घेऊन येणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

म्हणून मी तिथे फोन केला. तुमच्याकडे ऑफिस उघडतं तेव्हा आमच्याकडे दुपारचा चहा असतो, त्यामुळे एसटीडीच्या बूथमध्ये मी आणि बूथबाहेर निम्मी गल्ली अशी व्यवस्था झाली. काचेच्या आत तांबडे आकडे पळत होते, आणि पलीकडे मिसेस हार्टली नावाची बाई होती. सिस्टर ऑगस्टिनचं स्मरण करून मी आधी तिच्या प्रकृतीची चौकशी केली. (बाहेरून पुष्पाबाई काच वाजवून आकड्यांकडे बोट दाखवत होत्या.) ती म्हणाली, थोडी सर्दी आहे. मग मी सगळं सांगितलं. आमच्याकडे एका वेळी एकाच घराशी बोलणं करतात, नकार आल्याशिवाय दुसरीकडे बघत नाहीत, म्हणून आम्ही नकार मागितला, पण आम्हाला तो नको होता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे इंग्रजीत फारसं बरं वाटत नाही. पलीकडे शांतता. मला वाटलं लाईन गेली. लाईन गेली नव्हती, मिसेस हार्टली आवाज दाबून हसत होती. हसून झाल्यावर तिने विचारलं की मुलीशी माझं नातं काय.

मी म्हटलं, “मी मुलीकडची आहे.”

ती म्हणाली, “मग मुलीकडच्यांना सांगा, नकार द्यायचा आमचा विचारच नव्हता. अर्ज मी पुन्हा आत ठेवते.” आणि फोन ठेवताना सहज विचारलं, प्रवेशाआधी युनिव्हर्सिटी बघण्याचा एक दिवस असतो, तुमच्यापैकी कुणी बघायला येणार आहे का?

गेल्या मंगळवारी होकार आला. फीमाफीसकट. मनीषा जिना दोन-दोन पायऱ्या चढत आली, कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गुजराती, हिंदी, मराठी, सगळ्यात काही ना काही म्हणाली. मी तिला म्हटलं, मी लावलेल्या वळणाचा परिणाम आहे. त्यावर तिने दुसऱ्या निबंधाचं सांगितलं.

पण मी एक चूक केली. मिसेस हार्टलीचा शेवटचा प्रश्न मी निंबाभाऊंना जसाच्या तसा सांगितला होता. ते एकदम ताठ बसले. म्हणाले, बघा, रीतभात आहे त्यांच्यात. घर बघायला बोलावलं. आणि बोलावल्यावर न बघता होकार कसा कळवायचा? मुलगी द्यायची म्हणजे कुणीतरी आपलं माणूस जाऊन, बसून, बघून आलं पाहिजे. लोटूआप्पा जायला तयार झाले, थंडीचे कपडे कुणाकडे मिळतील एवढीच त्यांची चौकशी होती. पासपोर्ट हा शब्द ऐकल्यावर त्यांनी तुमच्या देशाबद्दलचं मत बदललं. होकार कळवायची शेवटची तारीख आता तोंडावर आली आहे, आणि मनीषाने पुन्हा जेवण कमी केलं आहे.

असा सगळा गोंधळ चालला आहे. बाकी इकडे नवीन काही नाही. मी तर त्या पोरीला सांगते, जा बाई एकदाची, माझ्यामागची तुझी कटकट तरी जाईल. मला वाचायचं पुष्कळ पडलं आहे, शिवाय लिंबायतच्या आणखी दोन मुली शिकवणीला विचारताहेत. माझं काही अडत नाही. तू तब्येत सांभाळ, पायमोजे घालून झोपत जा, यशवंतरावांना नमस्कार.

तुझी बाकावरची,
मंदा

ता.क. : सहज सुचलं म्हणून लिहिते. तुझ्यापासून ते गाव बसने तासाभराचंच तर आहे. एखाद्या बऱ्या दिवशी गुडघे साथ देत असतील तर जाऊन ये ना. मुलींचं होस्टेल बघ. खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे, धुतलेलं वाळत कुठे घालतात, रस्त्यावर संध्याकाळी बायका दिसतात का, हे निंबाभाऊंचे प्रश्न. शेजारच्या खोलीत कोण राहतं, हा माझा. पुष्पाबाईंचं एकच विचारणं आहे. दारात गेलेल्या माणसाला ते लोक पाणी विचारतात का? तेवढं बघ. घर कसं आहे ते त्यावरून कळतं, असं त्या म्हणतात.

ता.क. दुसरा : वरचं लिहून झाल्यावर पाकीट बंद करणार होते, पण तुझ्यापासून लपवून काय करू? पत्र तुला पोचेपर्यंत तारीख उलटून जाईल, आणि फोन करावा तर बूथबाहेर निम्मी गल्ली. म्हणून परवा मी खाली जाऊन सांगितलं की मिसेस हार्टलीने विचारल्यावर लगेचच मी ताराला कळवलं होतं, ती जाऊन आली, तिचं पत्र आलं. पुरावा म्हणून तुझं दिवाळीचं पत्र नेलं. डोळे तुझ्या गुडघ्यांच्या एक्स-रेवर होते आणि तोंडाने मी होस्टेल वाचत होते. खिडकी पूर्वेला आहे. वाळत घालायला मागे अंगण आहे. बायका रात्री आठपर्यंत फिरतात. शेजारच्या खोलीत एका शिक्षकाची मुलगी राहते. पुष्पाबाईंनी विचारलं, पाणी विचारलं का? मी म्हटलं, दोनदा. तेव्हा कुठे त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि निंबाभाऊ उठून फॅक्स करायला निघाले. होकार गेला आहे. आता तू जाऊन ये आणि याच्याशी जुळेल असं एक पत्र निंबाभाऊंच्या नावाने लिही. प्रत्यक्षात वेगळं असेल तर ते मला वेगळ्या पाकिटात कळव.

ता.क. तिसरा : वेगळं पाकीट नको. तिथलं काही वाईट आहे असं कळलं तर मला मनातून थोडं बरं वाटेल, आणि मग मी मनीषाच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. तू फक्त एवढं कर. सप्टेंबरात ती तुझ्या दारात येईल. पोरगी लाजरी नाही, पण पहिल्या दिवशी तहान लागली तरी मागणार नाही, मी ओळखते तिला. तिने बॅग खाली ठेवायच्या आधी तिला पाणी विचार, तारे. आणि नाही म्हणाली तर पुन्हा एकदा विचार.